उटी

निपाणीत, जुन्या हायवेला लागून माझं पंक्चरचं दुकान.
दाराशी बाभळीचा एक तिरका ठोकळा पडलेला असतो.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय, मामा?
मी म्हणतो, ब्रेक.

खोटं नाही. दस्तगीरमामाच्या गाडीला
भरवशाचा एवढाच ब्रेक होता,
आणि चढावर गाडी मागं सरायला लागली की
उडी मारून तो चाकाखाली सारणारा मी,
चौदा वर्षांचा, कागदावर कुठंच नसलेला.

कागद म्हणजे सीटखालची एक पिशवी.
आत परमिट, बिल्टी, गेल्याच्या गेल्या सालचा विमा,
आणि घड्या पडून पडून फडक्यासारखी झालेली दहाची नोट.
बाकीचे कागद नुसते असायचे.
चालायची ती नोट.

बिल्टीवर दहा टन, गाडीत पंधरा.
तंबाखूची बोदं इतकी उंच
की संकेश्वरात विजेच्या तारा बांबूनं उचलून धराव्या लागत.
बोदांवर पालथा पडून बांबू धरायचा मीच.
वरून वल्लभगड दिसायचा. तंबाखूनं डोकं गरगरायचं.
त्या नशेत मला वाटे, मी कुठल्यातरी राज्याचा मालक आहे.
कुठल्या, ते विचारू नका. पाट्या मराठीत होत्या,
शिव्या कन्नडात, आणि दोन्हीही आमच्याच.

कोगनोळी नाक्यावर हवालदार बॅटरी मारायचा.
"एष्टु टन री?"
"दहाच की साहेब. कागुद बघा की."
कागद दहा म्हणायचा, पाटे कण्हायचे.
हवालदाराला दोन्ही ऐकू यायचं.

सोळाव्या वर्षी स्टेअरिंग हातात आलं.
परीक्षा अशी नव्हतीच. मामाला झोप आली,
तो मागं सरकला आणि म्हणाला, "झाड आलं तर उठीव."
अजून ही गोष्ट सांगितली की दुकानात हशा पिकतो.
नातवाच्या गाडीला तर यंत्र आहे,
जांभई दिली तरी बेळगावात मालकाला कळतं.
पोरं म्हणतात, मामा, तुमचा काळ भारी होता.
होता.

मी ड्रायव्हर झालो म्हणून उटीला नवा पोरगा आला,
हुक्केरीचा लगमा.
शिट्टी झकास मारायचा. मागं घेताना हाताऐवजी शिट्टीच:
लांब म्हणजे येऊ दे, तुटक म्हणजे बास.
तवंदीच्या घाटात, पौषातल्या धुक्यात,
चढावर इंजिन बसलं. मामा मागं घोरत होता.
मी ब्रेकवर उभा, अक्षरशः उभा,
आणि लगमा उटी घेऊन खाली उतरला.
रस्ता दवानं ओला होता.
मी तुटक शिट्टीची वाट बघत होतो.

सकाळी फौजदारानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं?
मामा म्हणाला, मी.
हा मेलेला कोण?
मालक तवनाप्पा चौगुले मामाच्या आधी बोलले,
"कोण की. रस्त्यानं चाललेला असेल."
क्लीनर म्हटलं की नोंद विचारतात, वय विचारतात.
मग लिहिलं गेलं: पादचारी.
अडीच वर्षांत गाडीखेरीज मैलभरही न गेलेला लगमा.

त्याच्या आईला चारशे रुपये आणि गुळाच्या दोन ढेपा.
ढेपा मीच पोचवल्या. तिनं मला पाणी दिलं,
आणि विचारलं, "ऊटा आय्ता?"
जेवलास का.

पंचनाम्याला साक्षीदार कमी पडत होता.
फौजदारानं बोट दाखवलं, मी सही केली.
सरकारी कागदावर माझं नाव आलं
ते असं, पहिल्यांदा.

दोन वर्षांनी बेळगावात लायसन काढलं.
साहेबानं विचारलं, "रिव्हर्स येतंय काय?"
मी म्हणालो, येतंय.
त्यानं बघितलंही नाही, शिक्का मारला.

परवा नातू झाडू मारताना ठोकळा उचलून फेकायला निघाला.
म्हटलं, असू दे तिथं.
कशाला, आजोबा? आता लागतोय कुणाला?
तेवढ्यात बाहेर एक ट्रक मागं येत होता,
त्याचं ते नवं यंत्र टुंई टुंई ओरडत होतं,
आणि थांबला तरी
ओरडतच होतं.